तिसरा रकाना

मोरिता-सानचा मेल आला तेव्हा अक्षया कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाइडच्या दाखल्यांवर शिक्के मारत होती. सावंतवाडीत नऊ वाजून दहा मिनिटं, म्हणजे तिकडे बारा चाळीस. जेवणाची सुट्टी संपत आली असणार, एवढं गणित हातातला शिक्का टेकायच्या आत तिच्या डोक्यात होऊन गेलं. वीस महिने झाले, तिचं अर्धं डोकं साडेतीन तास पुढेच चालायचं. मोरिता-सानचे, म्हणजे जपानातल्या मासळी कारखान्यातल्या साहेबाचे, मेल तिला नवे नव्हते. दर सोमवारी एक यायचाच. पण ते सगळे तिच्या धाकट्या भावाच्या, समर्थच्या नावावर, त्याला कंपनीने दिलेल्या पत्त्यावर यायचे, आणि ती ते उघडायची ती भावाच्या डब्यातला लाडू खावा तशी, हक्काने आणि थोडं चोरून. आजचा मेल मात्र तिच्या स्वतःच्या पत्त्यावर होता. वर जपानीत, खाली इंग्रजीत, आणि दोन्हीकडे सुरुवातीला 'अक्षया-सान'. खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी तिला आनंदच झाला. आपण आहोत हे त्यांना कळलं, असं काहीतरी वाटून ती खुर्चीत जरा सरळसुद्धा बसली. त्या एका क्षणाची लाज तिला पुढे दिवसभर पुरली.

मेलमध्ये लिहिलं होतं ते असं. समर्थ-सान सोमवार सकाळपासून कामावर नाहीत. खोलीवरही नाहीत. त्यांचा फोन आणि पासपोर्ट खोलीतच आहेत. तातडीच्या संपर्कासाठी त्यांनी तुमचं नाव दिलं असल्याने विचारतो, तुम्हाला काही ठाऊक आहे का? उद्या दुपारपर्यंत काही कळलं नाही, तर कामगार आपणहून काम सोडून गेला, असं आम्हाला नियमाप्रमाणे सरकारी कार्यालयाला कळवावं लागेल. त्यांच्या तब्येतीची किंवा मनाची काही तक्रार आमच्या कानावर असती, तर आजारी माणूस म्हणून त्यांचा ताबडतोब शोध घ्यायला आम्ही पोलिसांना सांगितलं असतं. परंतु त्यांच्या शहाऐंशी साप्ताहिक अहवालांपैकी एकातही तसं काही नाही.

हेडक्लार्क बाईंना तिने घरी अडचण आहे एवढंच सांगितलं. अडचण. हा शब्द तोंडातून निघाला आणि ती पर्स उचलून बाहेर पडली. स्टँडवर येईपर्यंत तिने समर्थचा नंबर अकरा वेळा लावला, तो फोन त्याच्या पलंगावर पडला आहे हे आत्ताच वाचलेलं असूनही. रिंग जात होती. म्हणजे कोणीतरी तो चार्ज करून ठेवला होता. पळून जाणारी माणसं असतात, हे तिला ठाऊक होतं. जपानीच्या क्लासमध्ये मास्तरांनी सुरुवातीलाच ताकीद दिली होती. दुसरीकडे बरं काम मिळतं म्हणून मुलं कंपनी सोडतात, नाव बदलून राहतात. अशांना कोणी शोधत नाही. सापडले तर पकडतात, एवढंच. पण पळून जाणारा माणूस फोन ठेवून जात नाही. पासपोर्ट ठेवून तर नाहीच. एवढी साधी गोष्ट मोरिता-सानसारख्या हुशार माणसाला कळू नये ह्याचा तिला संताप आला, आणि त्या संतापातच तिला दिसलं, की त्याला ती कळू नये अशी व्यवस्था आपणच केली आहे. शहाऐंशी शुक्रवार बसून, मन लावून केली आहे.

बाबांना सांगायला गावी, मिठबावला जायचं होतं; कुडाळच्या गाडीत खिडकी मिळाली. मिठबावचा पोरगा मासे साफ करायला जपानला गेला, ह्यावर गावात महिनाभर हसणं चाललं होतं. घरच्या खाडीत काय कमी मासे होते, म्हणून लोक विचारायचे, आणि बाबा ऐटीत सांगायचे, थंयचे मासे येगळे. जपानी भाषेच्या क्लासला खरं तर समर्थ एकटाच जाणार होता. पण त्याला एकट्याला बसवत नव्हतं, म्हणून ऑफिस सुटल्यावर अक्षया सोबतीला बसू लागली, आणि व्हायचं ते झालं. तिला ती भाषा लागली. लागली म्हणजे एखाद्याला गाणं लागतं तशी. ती पहिल्याच परीक्षेत पास झाली. समर्थ दुसऱ्या वेळेला, काठावर. मुलाखत त्याची, व्हिसा त्याचा, विमान त्याचं. आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं आणि दोघंही गेलो तर बाबांचं काय, असं तिनेच सगळ्यांच्या आधी म्हणून टाकलं होतं, कोणी म्हणायच्या आत, म्हणजे मग ते दुसऱ्या कोणी म्हटलेलं ऐकावं लागत नाही. विमानतळावर समर्थ तिच्या गळ्यात पडून रडला. ती रडली नाही. तिला त्याचा हेवा वाटत होता, आणि हेवा वाटत असताना रडू येत नाही.

पहिल्याच आठवड्यात त्याचा फोन आला होता. दर शुक्रवारी परदेशी कामगारांनी एक मेल लिहायचा असतो, जपानीत, आणि खाली तोच इंग्रजीत, कारण वरचं ऑफिस इंग्रजीत वाचतं. त्यात तीन रकाने: ह्या आठवड्यात काय केलं, काय शिकलो, आणि काही अडचण आहे का. समर्थला धड एकही भाषा लिहिता येत नव्हती. ताय, तूच लिव, म्हणाला, आणि ती इतक्या पटकन हो म्हणाली की तोच चमकला. मग रीत ठरली. तो मालवणीत बोलून आवाज पाठवायचा, दोन-तीन मिनिटांचा. ती तो ऐकून लॅपटॉपवर त्या एआय सहायकाला मराठीत सांगायची, आणि तो जपानी आणि इंग्रजी असे दोन्ही मसुदे समोर ठेवायचा. मग खरी मजा. हा शब्द जरा कोरडा वाटतो, इथे अजून आदर हवा, हे वाक्य पुरुषाच्या तोंडी कसं शोभेल, असं विचारत ती तास-तास बसायची. सहायक कंटाळत नसे. तिला शाळेत, ऑफिसात, घरात कोणीही इतकं धीराने उत्तर दिलेलं नव्हतं. पुढे समर्थने पासवर्डच देऊन टाकला, म्हणजे मेल त्याच्याकडे जाऊन परत तिकडे जायचा खटाटोप वाचला. पहिले काही आठवडे तो विचारायचा, काय लिवलंस? नंतर विचारेनासा झाला.

पाचव्या का सहाव्या शुक्रवारी त्याने सांगितलं, की बर्फाच्या पाण्यात हात बधिर होतात, बोटं सुजली आहेत आणि रात्री झोप लागत नाही. तिने ते सगळं सहायकाला सांगितलं खरं, पण शेवटी जोडलं, की तिसऱ्या रकान्यात 'विशेष काही नाही' असं घाल. सहायकाने मसुदा दिला आणि खाली विचारलं होतं: सुजलेली बोटं आणि झोप न लागणं तुम्ही सांगितलंत, ते मसुद्यात नाही. हा रकाना अशाच गोष्टींसाठी असतो, ते लिहिल्याने हातमोजे किंवा डॉक्टर मिळू शकतील. समर्थला विचारून बघायचं का? तिला राग आला होता. हे यंत्र आता आपल्याला भाऊ शिकवणार. तिने लिहिलं, नको, आहे तसंच राहू दे. त्याने राहू दिलं. पुढे आणखी तीन-चारदा त्याने तसंच विचारलं, आणि तिने तसंच उत्तर दिलं. ही आठवण आत्ता गाडीत अशी आली, की तिला उठून उभं राहावंसं वाटलं. कंडक्टरने विचारलं, उतरतलास? तिने मान हलवली आणि पुन्हा बसली.

का केलं तिने असं? लोक विचारतील तेव्हा ती सांगेल, व्हिसा वाढवून मिळायला हवा होता, तक्रारखोर माणूस कोणाला आवडतो. ते खोटं नव्हतं. पण त्याच्या खाली दुसरं होतं. गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांच्या घराकडे आहे. बाबा कमरेत जरा वाकून, नारळ पुढे धरून देवाला सांगू लागले, की मंडपात सगळे दर वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. लहानपणी ती खांबाला टेकून ऐकायची. कोणाची गाय हरवलेली असो, कोणाचं पोर तापलेलं असो, बाबांचं बोलणं आधी देवाच्या मोठेपणाचं, मग आपल्या चुकांचं. चुकी झाली असात तर पदरात घे. देवाकडून काही राहून गेलं असं गाऱ्हाण्यात कधी येत नाही. मोठ्यांपुढे बोलायचं ते असं, हे तिच्या रक्तातच मुरलेलं. जपानी मेलची ती ठरलेली सुरुवात, ते वाकणं, तो शेवट, हे सगळं तिला म्हणून तर परकं वाटलं नाही. आणि त्याच्याही खाली, अगदी तळाला, तिसरं होतं. मोरिता-सान समर्थची स्तुती करायचा. तुमचा अहवाल मी आमच्या तरुण मुलांना वाचून दाखवला, असं त्याने एकदा लिहिलं होतं. ते वाक्य तिने भांडी घासताना, केस विंचरताना, शिक्के मारताना किती वेळा मनात म्हटलं असेल! तो कामसू, हसतमुख, कशाचीही तक्रार नसलेला समर्थ मुळी समर्थ नव्हताच. ती होती. आणि तिला काय कसली अडचण असणार? तिचे हात कोरडे होते.

कुडाळला गाडी बदलायच्या आतच मेल्विनचा फोन आला. मेल्विन रेडी गावचा, समर्थचा खोलीतला जोडीदार, दोघं एकाच विमानाने गेलेले. तो कारखान्याच्या मागे कुठेतरी उभा राहून दबक्या आवाजात बोलत होता. सोमवारी सकाळी नवीन आठ मुलं कामावर यायची होती, त्यांचा पुढारी म्हणून समर्थला नेमलं होतं, हे तर तायला ठाऊकच असेल, असं तो म्हणाला. तिला ठाऊक होतं. सकाळच्या हजेरीला समर्थने सगळ्यांसमोर उभं राहून दिवसाचं काम सांगायचं होतं.

"तो उभो रवलो, ताय," मेल्विन म्हणाला. "तोंड उघडल्यान, पण शब्दच येय ना. दोन मिन्टा झाली आसतली. मोरिता-सान आपलो हसत बघी होतो, तेका वाटला ह्यो इचार करता. मगे समर्थान वाकान नमस्कार केल्यान आणि भायर गेलो. माका वाटला पाणी पिवक गेलो."

बाकीच्यांना वाटतं, समर्थला जपानी फर्डी येते, त्यानेही कधी नाही म्हटलं नाही, आणि आता तो दुसऱ्या कंपनीत मोठ्या कामावर गेला असणार असं सगळे बोलतात, हेही मेल्विनने सांगितलं. तू त्यांना खरं का सांगितलं नाहीस, असं तिने विचारलं. सांगितलं, तो म्हणाला, पण त्याला तरी कुठे धड बोलता येतं. ते फक्त मान हलवतात. ती फोन ठेवणार एवढ्यात तो म्हणाला, "रविवारभर तो पाठ करीत होतो, ताय. तू लिवलेले मेल. एक-एक वाक्य माका इचारी होतो, ह्याचो अर्थ काय रे? माका तरी खंय म्हायत?"

मालवणच्या गाडीत तिला बसायला जागा मिळाली नाही आणि ते एका परीने बरं झालं. दांडा धरून उभं राहण्यात थोडी शिक्षा होती. दोन आठवड्यांपूर्वी मोरिता-सानने विचारलं होतं, की आठ जणांची जबाबदारी घ्याल का. तिने समर्थला कळवलं. त्याचा आवाज आला, नऊ सेकंदांचा. "ताय, माका जमाचा नाय. तू नाय म्हणान कळय." नऊ सेकंद. इतकं साधं सांगितलं होतं त्याने. पण घरात एक जुनी गोष्ट होती. आजोबांना एका वर्षी ताप होता म्हणून ते म्हणाले, ह्या खेपेला गाऱ्हाणं दुसऱ्या कोणीतरी घाला. दुसऱ्या भावकीने घातलं, आणि मान त्यांच्याकडे गेला तो गेला. परत यायला अकरा वर्षं लागली, मारामाऱ्या झाल्या, आजोबा तो परत आलेला बघायला उरले नाहीत. तेव्हापासून त्या घरात पोरांना अक्षरओळखीच्या आधी शिकवलं जायचं, की मान आला की घ्यायचा, मग अंगात ताप असो की पायात काटा. तिने समर्थला उलट कळवलं, मान आसा तो, नाय म्हणाचो नसता. आणि त्याच संध्याकाळी, त्याचं उत्तर यायच्या आत, त्याच्या नावाने आनंदाने स्वीकार करून टाकला. त्याचं उत्तर आलंच नाही. तिने ते न येणं म्हणजे हो असं धरलं. कंपनीच्या त्या नेमणुकीला तिने देवळाचा मान समजावं! तिथे नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कोणाला नेमलं असतं आणि समर्थ संध्याकाळी मेल्विनबरोबर भात शिजवत बसला असता. एवढंच झालं असतं. दुसरं काहीही झालं नसतं.

अर्धा रस्ता मागे पडला तसा तिने मोबाइलवर सहायक उघडला आणि एका हाताने लिहायला लागली. पहिल्यांदाच तिने काही गाळलं नाही. मी समर्थची बहीण. ते शहाऐंशी अहवाल मी लिहिले. त्याला जपानी बोलता येत नाही, वाचताही फारसं येत नाही. तो वीस महिने सांगतोय की हात सुजतात, झोप येत नाही, जेवण जात नाही, दिवाळीपासून तो म्हणतो की समुद्राकडे बघत बसलं की बरं वाटतं. हे शेवटचं लिहिताना तिचं बोट थांबलं. तेव्हा तिने त्यावरून अहवालात 'आपल्या गावचा किनारा मला माझ्या गावाची आठवण देतो' असं वाक्य केलं होतं. सहायकाने ह्या वेळी आधी मसुदा दिला नाही. आधी म्हणाला, हे वाचून मला त्याच्या जिवाची काळजी वाटते. मेल लहान आणि सरळ ठेवू: पहिल्या ओळीत, की तो आजारी आहे आणि जिवाला धोका असू शकतो, पोलिसांना आत्ताच कळवा, अहवाल तुम्ही लिहिले हे दुसऱ्या ओळीत, मग त्याचे शब्द, तारखांसकट. एक प्रत दूतावासाला पाठवा, आणि जमलं तर फोनही करा. मग मसुदा आला. नेहमीचं वाकणं त्यात नव्हतं. तिला तो उघडाबोडका वाटला आणि सवयीने तिने विचारलं, सुरुवातीला नेहमीची दोन वाक्यं घालायची का? तो म्हणाला, घालता येतील, पण मग पहिली ओळ खाली जाईल. तिने नाही घातली. पाठवायच्या आत रेंज गेली. काजूच्या बागा, मोहोराचा तो जड वास, उतार, पुन्हा चढ, आणि पडद्यावर नुसतं गोल फिरणारं चक्र. देवा म्हाराजा, असं तिच्या तोंडून निघालं, आणि पुढचं वाक्यच सुचेना. मालवणच्या स्टँडवर मेल गेला.

आचऱ्याची गाडी सुटायला वीस मिनिटं होती. तिने स्टँडच्या मागच्या भिंतीशी उभं राहून कंपनीचा नंबर लावला. दोन रिंगांत एका बाईने उचलला आणि कंपनीचं नाव, स्वतःचं नाव, मदत काय करू, सगळं एका दमात आणि इतकं गोड बोलली, की अक्षयाला प्रत्येक शब्द कळला. प्रत्येक. अगदी छापल्यासारखा. तिने तोंड उघडलं. शब्द कुठे होते? कागदावर ते हारीने येऊन उभे राहायचे, आता एक पुढे येईना. पलीकडची बाई थांबली, पुन्हा विचारलं, पुन्हा थांबली, तिचं ते थांबणंसुद्धा सभ्य होतं, त्यात हसू होतं. अक्षयाला कळलं की हेच. हेच ते उभं राहणं. फरक एवढाच, की तिला कोणी बघत नव्हतं. "समर्थ," असं ती शेवटी म्हणाली, मग इंग्रजीत, आजारी, कृपा करा. बाई अहो-जाहो करत कळलं कळलं म्हणाली आणि कुठेतरी जोडून दिलं, तिथे एक संथ धून वाजत राहिली, वाजत राहिली, आणि बॅलन्स संपून फोन कट झाला. रिचार्ज करून तिने पुन्हा लावला, तेव्हा सगळे मीटिंगमध्ये होते. स्टँडवर एक माणूस शहाळी सोलत होता, त्याच्या कोयत्याकडे ती बघत राहिली. आपल्याला रडू येत नाहीये, ह्याचीच तिला भीती वाटायला लागली.

बाबा घरापुढच्या खळ्यात आंब्याच्या कलमांवर मारायचं औषध कालवत होते. आठवड्याच्या मधेच मुलगी आलेली बघून त्यांनी काठी बाजूला ठेवली. गाडीभर तिने ठरवलं होतं, काय सांगायचं आणि काय नाही, कसं सांगायचं, कुठून सुरुवात करायची. समोर आल्यावर ते सगळं गळून पडलं आणि तिने एका वाक्यात सांगून टाकलं, की समर्थ तीन दिवस कामावर गेलेला नाही, खंय आसा ता कोणाक म्हायत नाय. तो बरा नव्हता, हेही सांगितलं. माका सांगी होतो, मी कोणाक सांगूक नाय, असंही ती म्हणाली. बाबा पायरीवर बसले. त्यांनी तिला रागावलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, की हात कधीपासून दुखत होते. पहिल्यापासून, ती म्हणाली. मग त्यांनी स्वतःचे हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघितले, औषधाने पांढरे पडलेले. कंपनीला लिहिलं आहे, उत्तर येईल, असं तिने सांगितलं. शेजारणीने जेवायला हाक मारली, कोणीच उठलं नाही. पाणी पिऊन घ्या म्हटलं तर बाबा म्हणाले, नको, माझ्यान गिळाचा नाय.

तासाभराने उत्तर आलं. मोरिता-सानचं. नेहमीसारखं वर जपानीत, खाली इंग्रजीत, आणि इतकं सुरेख लिहिलेलं, की एखाद्या दिवशी तिने त्यातली दोन वाक्यं उतरवून ठेवली असती. आपल्या कुटुंबाची काळजी आम्ही समजू शकतो, असं सुरुवातीला होतं. जवळचा माणूस दूर गेला की घरच्यांना असं वाटणं स्वाभाविक आहे. आम्ही सर्वांनी बसून समर्थ-सानचे सगळे अहवाल पुन्हा वाचले. ते लिखाण ज्याने केलं त्याला आमचा कारखाना आतून ठाऊक आहे, त्यात सच्चेपणा आहे. ते दुसऱ्या कोणी, परदेशात बसून, लिहिलं असेल हे आम्हाला शक्य वाटत नाही. क्षमा करा, पण आपला मेल त्यांच्या लिखाणाशी कुठेच जुळत नाही. घरच्यांच्या म्हणण्यापेक्षा त्यांच्या स्वतःच्या शब्दांचा मान राखणं आम्हाला योग्य वाटतं. म्हणून उद्यापर्यंत न थांबता, त्यांनी आपणहून काम सोडलं असं आम्ही आजच संबंधित कार्यालयाला कळवलं आहे. आपण धीर धरावा. गेल्याच शुक्रवारी त्यांनी आम्हाला लिहिलं होतं: 'रोज सकाळी फाटकातून आत येताना मी मनातल्या मनात म्हणतो, इतका सुखी मी आयुष्यात कधी नव्हतो.'

हे वाक्य तिने सावंतवाडीच्या आपल्या खोलीवर, दाराच्या उंबऱ्याशी बसून, लॅपटॉप मांडीवर घेऊन लिहिलं होतं. सहायकाने ते सुचवलं नव्हतं. ते फाटक तिने कधी बघितलं नव्हतं, आणि ते वाक्य लिहिताना तिचे डोळे भरून आले होते, कारण त्यातला एकही शब्द खोटा नव्हता.

बाबा तिच्या तोंडाकडे बघत होते. त्यांना मोबाइलवरचं वाचता येत नव्हतं आणि ही भाषा तर नाहीच.

"काय लिवल्यानी गो?"

ती वरपासून खालपर्यंत पुन्हा एकदा वाचून गेली. गाळण्यासारखं किंवा मऊ करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. कोणाचं म्हणणं दुसऱ्याला जसंच्या तसं सांगायची तिच्यावर वेळ आली होती, आणि तिने शेवटची ओळ सांगितली.

"समर्थ थंय खूप सुखात आसा, असा लिवल्यानी."

बाबांचा चेहरा सैल झाला. त्यांनी डोळे मिटले, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. "मगे बरा," ते म्हणाले, आणि तिच्याकडे पाणी मागितलं.